चार पिना आणि अकरावा धडा

शाळेत त्यांना सगळे पिनबाई म्हणायचे. समोर "मॅडम", पाठ वळली की पिनबाई. चोवीस वर्षं त्या शाळेच्या ग्रंथालयात होत्या. एवढ्या काळात त्यांनी किती पुस्तकं दिली, किती ओरडून परत घेतली, किती फाटकी पानं चिकटवली, याला गणती नाही. पण नाव पडलं ते एकाच कामावरून, आणि खरं सांगायचं तर बाईंना त्या नावाचा थोडा अभिमानच होता. माणसाला एखादं तरी काम सगळ्यांपेक्षा चांगलं यावं. बाईंना पिना मारता यायच्या.

काम असं. आठवीचं विज्ञानाचं पुस्तक शाळेच्या मालकीचं. वर्षाच्या सुरुवातीला ग्रंथालयातून मुलांना मिळायचं, वर्ष संपलं की परत यायचं. त्या पुस्तकात अकरावा धडा होता माणसाच्या शरीराचा. वयात येताना काय काय बदलतं, मूल कसं होतं, वगैरे. पुस्तक छापणाऱ्या मंडळींनी तो का घातला होता देव जाणे. बहुधा त्यांच्या घरी मुलं नसावीत. शाळेच्या समितीला मात्र मुलांची काळजी होती. धडा शिकवायचा नाही हे तर ठरलेलंच होतं, पण तो पुस्तकात दिसतो त्याचं काय करायचं? पानं फाडली तर शाळेच्या मालमत्तेचं नुकसान. तेव्हा कोण्या सुपीक डोक्यातून निघालं की पिना मारा. फाडलं तर नुकसान, पिना मारल्या तर संस्कार.

तेव्हापासून दर वर्षी शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात बाई खिडकीजवळच्या लांब टेबलावर बसायच्या. डावीकडे दोनशे बारा पुस्तकांचे ढीग, उजवीकडे रिकामी जागा, मध्ये जाडजूड काळा स्टेपलर. एका पुस्तकाला चार पिना. तीन लांबीला, एक वरच्या कोपऱ्यात, कारण कोपरा मोकळा सोडला की मुलं तिथून डोकावतात. पिनेचं टोक वर राहता कामा नये, बोटाला लागतं. हे सगळं बाई करायच्या तोंड खिडकीकडे फिरवून. त्या पानांकडे बघायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. अनुक्रमणिका उघडली तरी धड्यांच्या नावांवर स्टीलची पट्टी ठेवायची आणि फक्त आकडे बघायचे. अकरावा धडा अमुक पानापासून तमुक पानापर्यंत. तेवढी पानं अंगठ्यात धरायची, नजर बाहेर सायकलींच्या शेडवर, आणि खट्, खट्, खट्, खट्. एक्कावन्न वर्षांची बिनलग्नाची बाई. तिने ती चित्रं बघितली असं कोणी म्हणायला नको.

वर्ष संपलं की पिना काढायच्याही बाईंनीच, कारण परत आलेल्या पुस्तकाची पानं मोजून घ्यावी लागत. आणि दर वर्षी त्यांना तेच दिसायचं. कंपासपेटीतल्या कर्कटकाने पिना उचकटलेल्या आणि पुन्हा त्याच भोकांत बसवलेल्या, अगदी टापटिपीने. बाकीचं पुस्तक कोरं करकरीत, उष्णतेच्या धड्यावर वर्षभरात माशीसुद्धा बसलेली नाही, आणि अकराव्या धड्याची पानं मात्र हाताळून हाताळून जुन्या रुमालासारखी मऊ. एवढा अभ्यास त्या शाळेत दुसऱ्या कुठल्याच धड्याचा होत नव्हता. शिक्षक नाही, गृहपाठ नाही, परीक्षा नाही, तरी हजेरी शंभर टक्के. फक्त समजावून सांगणारं कोणी नसल्यामुळे मुलं आपापल्या अकलेने अर्थ लावायची. एका वर्षी अख्ख्या वर्गाचं ठाम मत झालं की बसमध्ये कोणी उठून गेल्यावर सीट गरम लागली तर मुलींनी तिच्यावर बसू नये, मूल होतं. दोन महिने त्या वर्गातल्या मुली उभ्याने घरी गेल्या. मुख्याध्यापिकांना वाटलं, मुली वडीलधाऱ्यांना जागा देतायत. त्यांनी मैदानावर सगळ्या शाळेसमोर त्यांचं कौतुक केलं.

बाई खोडरबराने बोटांचे डाग पुसायच्या आणि मूग गिळून गप्प बसायच्या. "धडा वाचला जातो" असं सांगायला गेलं की "तुम्हाला कसं कळलं" हे आलंच.

बाईंचं स्वतःचं या विषयातलं शिक्षण एका वाक्यात आटोपलं होतं. त्या बारा वर्षांच्या असताना आईने त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "आता मोठी झालीस. सांभाळून राहायचं." काय सांभाळायचं आणि कोणापासून, हे आई सांगायला विसरली की तिलाही माहीत नव्हतं, कोण जाणे. बाईंनी मग सगळंच सांभाळलं. छत्री सांभाळली, किल्ल्या सांभाळल्या, ग्रंथालयाची रजिस्टरं सांभाळली. धाकटी बहीण त्या मानाने धीट निघाली. नर्स झाली, लग्न केलं, नवरा गेला तेव्हा पोटभर रडली आणि महिन्याभरात कामावर उभी राहिली. पुढे तिला लांबच्या शहरात मोठ्या इस्पितळात नोकरी लागली, तेव्हा मुलीला तिने बाईंकडे ठेवलं. भाची तेव्हा दहा वर्षांची होती. आता तेरा पुरी, आठवीत, मावशीच्याच शाळेत.

भाचीला वाचनाचं भयंकर वेड. पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचणार, मध्ये काही गाळणार नाही. बाईंचा तिच्यावर जीव होता. घरात तसं बोलून दाखवायची पद्धत नव्हती, म्हणून त्या तिच्या वह्यांना कव्हरं घालून द्यायच्या. आता वयात येण्याबद्दल तिच्याशी कोण बोललं? बाईंना वाटत होतं बहीण बोलली असेल, ती तर नर्स, दिवसभर तेच काम. बहिणीला वाटत होतं ताई बोलली असेल, ती तर रोज घरात. दर रविवारी दोघी फोनवर अर्धा तास बोलायच्या, भाजीपासून भाड्यापर्यंत सगळं बोलायच्या, आणि या एका बाबतीत एकमेकींवर पूर्ण विश्वास टाकून मोकळ्या व्हायच्या.

त्या वर्षी विज्ञानाचं पुस्तक बदललं. नवी आवृत्ती, नवं कव्हर, दोन धडे नव्याने घातलेले, त्यामुळे क्रम वरखाली. शाळा उघडायच्या आधी समितीची बैठक झाली. समिती म्हणजे अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापिका आणि मान डोलवायला दोन सभासद. अध्यक्षांचं रंगांचं मोठं दुकान होतं आणि भिंतीला काय शोभतं हे त्यांना बरोबर कळायचं, म्हणून मुलांना काय शोभतं हेही कळत असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

"त्या धड्याचं काय?" सचिवांनी विचारलं.

"त्या धड्याचं नेहमीप्रमाणे," अध्यक्ष म्हणाले.

चोवीस वर्षांत त्या खोलीत त्या धड्याचं नाव कोणी उच्चारलं नव्हतं. नवं पुस्तक समोर टेबलावरच होतं. उघडून बघितलं असतं तर क्रम बदललाय हे दिसलं असतं. पण चारचौघांत पुस्तक उघडायचं आणि नेमकं तेच पान निघालं तर? कोणी हात लावला नाही. सचिवांनी लिहिलं, "धडा क्रमांक अकरा, नेहमीप्रमाणे." खाली सही ठोकली आणि कागद ग्रंथालयात आला.

बाईंनी अनुक्रमणिकेवर पट्टी ठेवली, आकडे बघितले, तोंड खिडकीकडे फिरवलं. दोनशे बारा पुस्तकं, आठशे अठ्ठेचाळीस पिना. एकही वाकडी नाही. चोवीस वर्षांतलं सगळ्यांत सुबक काम. फक्त नव्या पुस्तकात अकरावा धडा होता "खडक आणि माती". शरीराचा धडा सरकून तेरावा झाला होता आणि दोनशे बाराच्या दोनशे बारा पुस्तकांत सताड उघडा होता.

मुलांनी पहिल्याच आठवड्यात पिना उचकटल्या. मागच्या वर्षीच्या मुलांनी सांगून ठेवलेलं होतं की पिनांच्या आत भारी काहीतरी असतं. आत निघाले खडक. मुलांनी एकदा वाचलं, दोनदा वाचलं. अग्निजन्य खडक, गाळाचे खडक, रूपांतरित खडक. जिन्याखाली गट करून वाचलं, एक जण पहाऱ्यावर ठेवून वाचलं. मोठी माणसं उगाच कशाला लपवतील? यात काहीतरी गोम असणार, आपल्याला कळत नाही एवढंच. तेराव्या धड्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. जे कोणी लपवलंच नाही ते वाचायचं कशाला?

इकडे भाचीचं गणित कच्चं होतं. घरापासून तीन गल्ल्यांवर, शिंप्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक सर शिकवणी घ्यायचे. फार नाव त्यांचं. जागा मिळता मिळायची नाही. बाई दोनदा जाऊन रिकाम्या हाताने परत आल्या. तिसऱ्या वेळी सर म्हणाले, "तुमच्या शब्दाखातर घेतो. पण पाया कच्चा आहे, तिला वेगळं बसवावं लागेल. मंगळवारी आणि शुक्रवारी." बाई धन्य झाल्या. घरी पोचायच्या आत त्यांनी बहिणीला फोन करून सांगितलं की एवढा मोठा माणूस आपल्या पोरीला स्वतंत्र वेळ देणार आहे, आजकाल कोण देतं?

दोन आठवड्यांतच भाचीचं पोट दुखायला लागलं. मंगळवारी दुखायचं, शुक्रवारी दुखायचं. बाईंनी गरम पाण्याची पिशवी दिली. मग डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, गॅस आहे म्हणाले आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी बुधवारी गुण यायचा आणि शुक्रवारी जायचा. बाई हुशार, त्यांनी वार ओळखले. म्हणाल्या, "गणित आलं की बरं पोट दुखतं गं तुझं? नाटकं नकोत. ऊठ, सर वाट बघत असतील." भाची उठली आणि गेली. हे वाक्य बाई दोन महिन्यांत चार वेळा म्हणाल्या. नंतर त्यांनी बसून आठवलं आणि मोजलं. चार वेळा.

मग एका सोमवारी मधल्या सुट्टीत भाची ग्रंथालयात आली. शाळेत ती मावशीला मॅडमच म्हणायची, तशी ताकीद होती. त्या दिवशी तिने विज्ञानाचं पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, हे वाच."

बाईंना आधी दिसली ती पेन्सिलची रेघ. शाळेच्या पुस्तकात एका ओळीखाली पेन्सिलने रेघ मारलेली. त्यांचा हात सवयीने खोडरबराकडे गेला. "अगं, शाळेच्या पुस्तकात रेघा मारतात का?"

"नंतर पूस. आधी वाच."

पान एकशे त्रेसष्ट. लिहिलं होतं, "तुला नको असताना कोणी तुझ्या शरीराला हात लावत असेल आणि हे कोणाला सांगू नकोस असं म्हणत असेल, तर त्यात तुझी चूक नाही. तुझा ज्याच्यावर विश्वास आहे अशा मोठ्या माणसाला सांग."

बाईंनी वाचलं. भाचीने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"सर," ती म्हणाली. "मंगळवारी आणि शुक्रवारी." आणि पुढे, "विश्वासाच्या माणसाला सांग असं लिहिलंय, म्हणून तुला सांगितलं. आणि माझी चूक नाही असं लिहिलंय. खरंच नाही ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "नाही गं. तुझी नाही."

त्यांनी उठून ग्रंथालयाचं दार लावलं आणि भाचीला जवळ घेतलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच. आपण या पोरीला चार वेळा हाताला धरून उठवलं आणि तिथे पाठवलं, या विचाराने त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या पोरीच्या डोळ्यांकडे बघू शकेनात. रेघ पुसायची राहिली. ती अजून आहे.

अर्ध्या तासात दोघी पोलीस ठाण्यात होत्या. बाकावर बसून वाट बघताना बाईंनी पुस्तक पुन्हा उघडलं, या वेळी पट्टी न ठेवता. धड्याचं नाव वाचलं. हाच तो धडा. उघडा कसा राहिला? अकरावा उलटून बघितला तर चार पिनांत खडक. त्यांनी काम नेहमीसारखं चोख केलं असतं तर एकशे त्रेसष्ट नंबरचं पान कोपऱ्यासकट बंद असतं. बाकीच्या मुलांनी ते उचकटलंच असतं म्हणा. पण भाचीने नाही. मावशीने मारलेली पिन काढायची नाही, एवढं वळण तिला होतं. बाईंनीच लावलं होतं.

ठाण्यातल्या महिला अधिकाऱ्याने भाचीला शांतपणे विचारलं आणि भाचीने शांतपणे सांगितलं. अवयवांना नावं असतात, ती तिला माहीत होती. "इथे" आणि "तिथे" करत बसावं लागलं नाही. अधिकारी बाईंना म्हणाली, "मुलीला घरी चांगलं शिकवलंय तुम्ही." बाईंनी मांडीवरचं पुस्तक मिटलं. बहीण दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आली. दोघी बहिणी एकमेकींना "मला वाटलं तू सांगितलं असशील" असं म्हणाल्या.

सरांना अटक झाली. गल्लीला फार वाईट वाटलं, सरांबद्दल. एवढा सज्जन माणूस, कधी वर मान करून बघितलं नाही, पोरीच आजकालच्या कशा आहेत बघताय ना. आठ दिवसांनी आणखी दोन मुलींच्या आया गुपचूप ठाण्यात जाऊन आल्या, तेव्हा गल्लीने विषय बदलला. कोणाच्या मुली, हे बाहेर आलं नाही, हे एक बरं झालं. शाळेतही कोणाला भाचीचं कळलं नाही.

पिनांचं मात्र कळलं. महिन्याभराने विज्ञानाचे शिक्षक अकराव्या धड्यावर आले. "पुस्तक उघडा," म्हणाले, तर मुलं एकमेकांकडे बघू लागली. सगळ्यांच्या पुस्तकात खडकांना पिना. शिक्षक चक्रावले. त्यांनी सहज विचारलं, "खडकांचे प्रकार कोणाला सांगता येतील?" पंचावन्न हात वर. शेवटच्या बाकापासून पहिल्यापर्यंत प्रत्येकाला खडक तोंडपाठ, उदाहरणांसकट. एरवी ज्या पोरांना आपल्या घराचा पत्ता धड सांगता येत नव्हता ती संगमरवर कसा तयार होतो ते सांगत होती. शिक्षकांना भरून आलं. मग त्यांनी तेरावा धडा उघडून बघितला आणि थेट मुख्याध्यापिकांची खोली गाठली.

समितीची तातडीची बैठक बसली. बाईंना बोलावलं. चहा आला. विषय सुरू करण्याआधी अध्यक्ष हळहळले, "त्या गणिताच्या सरांचं ऐकलं ना? काळच वाईट. पण मी म्हणतो, त्या मुलींनी तरी वेळेवर तोंड उघडायला नको का? दोन दोन महिने गप्प बसायचं म्हणजे काय?" सगळ्यांनी माना डोलवल्या. मग अध्यक्ष कप खाली ठेवून म्हणाले, "हं, तर तो तेरावा धडा ताबडतोब बंद करायचा."

बाई उभ्या होत्या. बसा असं कोणी म्हणालं नव्हतं.

"चोवीस वर्षांत तुमच्याकडून अशी हलगर्जी झाली नाही," अध्यक्ष पुढे म्हणाले. "माणूस आहे, चुकतं. दिलगिरीचं पत्र द्या, उद्या पिना मारा, विषय मिटला. नाहीतर आम्हाला ग्रंथालयाची दुसरी व्यवस्था बघावी लागेल. तुमची सात वर्षं राहिलीत, उगाच कशाला?"

बाईंनी मनात हिशेब केला. सात वर्षं होती, दोन खोल्या होत्या, भाची होती. पण मघाचं ते "तोंड उघडायला नको का" त्यांच्या डोक्यातून जाईना.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तोंड उघडून ती मुलगी काय बोलणार होती?"

"म्हणजे?"

"कोणत्या शब्दांत सांगायचं होतं तिने? ती पोट दुखतं म्हणाली. दोन महिने म्हणत होती. घरच्यांनी तिला गरम पाण्याची पिशवी दिली."

"तुम्हाला काय माहीत?" सचिवांनी विचारलं.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तिला शब्द मिळाले ते या पुस्तकात. पान एकशे त्रेसष्ट. मी खडकांना पिना मारल्या म्हणून मिळाले. आधी तेवीस वर्षं मी बरोबर काम करत होते. त्या तेवीस वर्षांत कितीजणींचं पोट दुखलं असेल, ते मला माहीत नाही."

मान डोलवणाऱ्या दोघांपैकी एकाने अकरा वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं, "एकशे त्रेसष्टवर काय आहे?" पुस्तक टेबलावर होतं. त्याच्याकडे सगळ्यांनी पाहिलं, हात कोणी पुढे केला नाही.

"हे सगळं खरं असेल हो," अध्यक्ष म्हणाले, "पण लाजलज्जा म्हणून काही असतं की नाही? ते काही नाही. धडा बंद करा."

"करते," बाई म्हणाल्या. "हुकूम लिहून द्या. पण आकडा नको. आकड्याने एकदा दगा दिलाय. धड्याचं नाव लिहा, आणि खाली पाचही जणांच्या सह्या. फलकावर लावते, म्हणजे पालकांनाही कळेल समितीने काय बंद केलं."

सचिवांनी पेन काढलं. "धड्याचं नाव..." त्यांनी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. मुख्याध्यापिका पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.

"लिहा ना, ते आपलं, शरीराचा धडा," अध्यक्ष म्हणाले.

"पचनाचा धडाही शरीराचाच आहे," बाई म्हणाल्या.

"मग तुम्हीच सांगा."

"मानवी प्रजनन, वयात येणे आणि शरीराची सुरक्षितता," बाईंनी सांगितलं. पुस्तक परत न करणाऱ्यांची नावं वर्गात वाचायच्या त्याच आवाजात, खणखणीत. चहाचे कप उचलायला आलेला शिपाई दारातच थांबला. सचिवांनी "मानवी" लिहिलं, "प्र" लिहिलं, आणि पेन तिथेच अडलं. त्या शब्दाखाली पाच सह्या, फलकावर, सगळ्या गावासमोर? अध्यक्षांची सही रंगाच्या प्रत्येक डब्यावर असायची, गावातलं पोरही ती ओळखायचं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि त्यांना एकदम दुकानाची आठवण झाली. सचिवांनी "मानवी प्र" खोडलं आणि वहीत लिहिलं, "पिनांबाबतचा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब." त्यानंतर चार सभा झाल्या. विषय तहकूबच आहे. जो शब्द तोंडातून निघत नाही त्याच्यावर बंदी तरी कशी घालणार?

दिलगिरीचं पत्र बाईंनी दिलं. एका ओळीचं. "खडकांचा धडा चुकून बंद ठेवल्याबद्दल दिलगीर आहे."

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर समितीसारखीच बाईंनाही झोप लागली असती. पण खडकांच्या पिना काढायला सगळी पुस्तकं ग्रंथालयात जमा झाली, तेव्हा त्यांनी प्रत्येकाचं एकशे त्रेसष्ट नंबरचं पान उघडलं. दोनशे अकरा पुस्तकांत ते कोरं होतं. बोटाचा एक डाग नाही. धडा उघडा होता, पण उघडा आहे हे कोणी कोणाला सांगितलंच नव्हतं.

ग्रंथालयाचा तास बुधवारी असायचा. चोवीस वर्षं त्या तासाला बाईंनी एकच गोष्ट शिकवली होती, शांतता. त्या बुधवारी त्यांनी आठवीला बसवलं, पुस्तक उघडलं आणि तेरावा धडा पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घेतला. नाव वाचताच वर्ग फुटला. मुलं एकमेकांच्या पाठीत तोंड लपवून हसली. बाई थांबल्या. हसून झाल्यावर त्यांनी तेच नाव पुन्हा वाचलं. हसू निम्मं झालं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा एक जण म्हणाला, "मॅडम, कळलं, पुढे वाचा." कान लाल झाले होते ते बाईंचेच. तरी त्यांनी वाचलं, चित्रंसुद्धा दाखवली, बसमधल्या गरम सीटबद्दल कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं की तसं काही नसतं. ज्याचं उत्तर येत नव्हतं ते कागदावर टिपून घेतलं आणि बहिणीला फोन लावून विचारलं. दोघी बहिणींचा रविवारचा अर्धा तास आता दीड तास चालतो.

भाचीचं गणित अजून कच्चंच आहे. मावशी घरीच शिकवते, म्हणजे दोघी मिळून चुकतात. पोट दुखायचं थांबलंय, निदान बहुतेक मंगळवारी तरी.

तिसऱ्या बुधवारी बाई एकशे त्रेसष्टवर पोचल्या. ती ओळ त्यांनी सावकाश वाचली. कोणी हसलं नाही. घंटा झाली, मुलं दप्तरं उचलून बाहेर पळाली. एक मुलगी मागच्या बाकाशी दप्तराची चेन उघडत बंद करत रेंगाळली. बाई स्टेपलर कपाटात ठेवत होत्या.

"मॅडम," ती म्हणाली, "माझं पोट दुखतंय."

बाईंनी कपाट तसंच सोडलं आणि एक खुर्ची ओढून तिच्यासमोर ठेवली.

"बस," त्या म्हणाल्या. "कोणत्या वारी दुखतं?"